चुंबकाचं पाणी

आमच्या घरी माणसं येत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. घर तारकर्लीच्या अलीकडे, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर, माडांच्या बागेत. वाडीतल्या दर पडवीत तिन्हीसांजेला कोणी ना कोणी टेकलेलं असायचं. पान, तंबाखू, मासळीचा भाव, मुंबईला कोणाच्या झिलाला, म्हणजे पोराला, नोकरी लागली त्याच्या गजाली. आमच्या पडवीत बाबा एकटे बसायचे. ते हायस्कुलात विज्ञान शिकवत, आणि समोरच्याचं चुकीचं बोलणं दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या गळ्याखाली चहा उतरत नसे. ग्रहणात शिजवलेलं अन्न बाधतं, असं एखादा सहज म्हणाला, की बाबा उठून आतून लिंबू, मोसंबं आणि कंदील घेऊन येत आणि त्याला तिथल्या तिथे ग्रहण लावून दाखवत. माणूस चहा संपवून जायचा तो परत आमच्या फाटकाकडे वळायचा नाही. देवळात गाऱ्हाणं घालणारे आबा गावकार एकदा आईला सरळच म्हणाले होते, "मास्तर हुशार माणूस, पण तेंच्याकडे बसला की शाळेत बसल्यासारख्या वाटता." प्रयोग संपल्यावर मोसंबं मला मिळायचं, त्यामुळे माझी तेवढी तक्रार नव्हती. पण मी एकुलती होते, आणि संध्याकाळी शेजारच्या पडवीतलं हसणं माडांमधून ऐकू यायचं. बाबा तेव्हा पुस्तकातून डोकं वर काढत आणि पुन्हा खाली घालत.

आईला हे फार लागायचं. ती मसुऱ्याची, भरल्या घरातली. आंगणेवाडीच्या जत्रेला तिच्या माहेरी पाय ठेवायला जागा नसे. ओटीवर, खळ्यात, गोठ्याच्या बाजूला पाव्हणे झोपलेले. आमच्याकडे तिला बोलायला एकच माणूस होतं, शेजारची नातालीनबाय. तिचा नवरा बोटीवर होता आणि ती बाळंतपणं करायची. दोघी विहिरीवर भेटत, आणि रहाटाचा आवाज थांबला की समजायचं, गजाली सुरू झाल्या. आईला साखर होती. तिच्या वडिलांचाही पाय साखरेने गेला होता आणि पायामागून ते गेले होते, म्हणून ती गोळी कधी चुकवत नसे. आम्हाला उकड्या तांदळाची पेज वाढायची आणि स्वतः नाचणीची भाकरी कुळथाच्या पिठीत बुडवून खायची. पेजेवरून तिची नजर मात्र हलत नसे. पेजेचा वास आला की मला अजून आईचं ते बघणं आठवतं.

मग मालवणात एक व्याख्यान झालं. मुंबईहून एक गृहस्थ आले होते, नावाआधी डॉक्टर लावलेले. कसले डॉक्टर, ते कोणी विचारलं नाही. आणि गंमत म्हणजे बाबांनीही विचारलं नाही. रक्तात लोह असतं, चुंबक लोहाला ओढतं, म्हणून चुंबकावर ठेवलेलं पाणी प्यालं की रक्त सुधारतं, असा एकूण हिशेब. रक्तातलं लोह म्हणजे खिळे नव्हेत, त्याला चुंबक तसं ओढत नाही, हे वर्गात एखाद्या पोराने विचारलं असतं तर बाबांनीच सांगितलं असतं. पण त्या गृहस्थांनी सभेत विचारलं की इथे विज्ञानाचे शिक्षक कोणी आहेत का, आणि बाबांना वर बोलावून शेजारची खुर्ची दिली. तुमच्यासारख्यांनीच हे काम पुढे न्यायचं, असं चारचौघांत सांगितलं. बाबा घरी आले ते पंच्यात गुंडाळलेली दोन जड चुंबकं घेऊन आणि मी कधी न पाहिलेला चेहरा घेऊन. त्यांना कोणी फसवलं असं मला आजही म्हणवत नाही. त्यांना कोणीतरी आपल्यात घेतलं होतं. त्याची भूक किती मोठी असते ते मला आता, या वयात, नीट समजतं.

बाबा प्रामाणिक होते, म्हणून त्यांनी आधी घरात प्रयोग केला. आईला समोर बसवून त्यांनी समजावलं की गोळ्या आणि पाणी दोन्ही घेतलं तर गुण कशाचा ते कळणार नाही, तेव्हा गोळ्या बंद करायच्या. आईने मान हलवली. त्या काळी साखर बघायची म्हणजे परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर ठीक. साखर असेल तर हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटेसारखं लाल. पहिले काही दिवस नळी लालच होत गेली. आई दुपारी भिंतीला टेकून बसायची, सारखं पाणी प्यायची, आणि तेसुद्धा चुंबकाचंच. बाबा म्हणाले, पाणी अंगात मुरायला वेळ लागतो. आणि खरोखरच, थोड्या दिवसांनी नळी नारिंगी झाली, मग हिरवी, आणि एका सकाळी निळीच्या निळी राहिली. बाबांनी ती खिडकीशी धरली, उन्हात फिरवून बघितली, मला हाक मारून दाखवली. त्यांनी सगळं तपासलं होतं, पाण्याचं माप, चुंबकाचं टोक, उकळायचा वेळ. बायकोच्या शब्दावर संशय घ्यायचा असतो हे मात्र कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरी माणसं यायला लागली. आधी आबा आले, कारण त्यांनाही साखर होती. बाबांनी त्यांना रक्त, लोह वगैरे सांगितलं, तेव्हा आबा नुसते बघत राहिले. मग बाबांना काय सुचलं कोण जाणे. ते म्हणाले, दर्याला चंद्र ओढतो की नाही? पुनवेला उधाण येतं, अष्टमीला भांग असतो, पाणी फारसं चढत नाही. मग आपल्या अंगात एवढं पाणी आहे, त्याला भरती-ओहोटी नसेल काय? आबा एकदम सरळ बसले. जाळं कधी टाकायचं आणि होडी कधी बाहेर काढायची हे ज्यांना पिढ्यान्पिढ्या चंद्राने सांगितलं, त्यांना ही गोष्ट पटवायला लागतच नाही. घाटावरच्या गावात हेच बोलणं कोणी कानाआड केलं असतं. आमच्याकडे ते कानातून थेट काळजात गेलं. "आमचो आजो तांच सांगत होतो," आबा म्हणाले. आजोबा काय सांगत होते कोण जाणे, पण त्या दिवसापासून चुंबकाचं पाणी हे मुंबईचं राहिलं नाही, गावचं झालं. आणि वर विज्ञानाचंही झालं, कारण पडवीत नळी होती, दिवा होता, आणि निळा रंग तर सगळ्यांच्याच डोळ्यांना दिसत होता.

हे रंग दाखवणं आईच्या जिवावर यायचं. आपली लघवी पडवीत बापये, परके पुरुष, बसलेले असताना उकळली जाते, आणि ते माना पुढे काढून बघतात, ही गोष्ट कुठल्या बाईला सोसेल? ती तेवढा वेळ मागीलदारी जाऊन झावळ्या विणत बसायची. पण बापये बाबांशी ज्या अदबीने बोलत तेही तिला आतून ऐकू यायचं. चहाची भांडी उतरत नसत. बाबांनी सात्त्विक म्हणून मासे सोडले. मालवणच्या एका पत्रात "शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध" असं छापून आलं. सिद्ध करणारे आमचे बाबाच, आणि त्यांनीच ते वाचून मला म्हटलं की बघ, पेपरातही आलं. एसटीने लांबलांबची माणसं यायला लागली. मला वाटलं होतं, घर भरलं की माझं एकटेपण जाईल. उलटच झालं. पूर्वी बाबा मला ग्रहण लावून दाखवत. आता मी पडवीत गेले की ते म्हणत, सुमा, आतून बाटल्या आण. शाळेतल्या मुली मला चुंबकीण म्हणायच्या. रात्री सगळे गेले की फक्त समुद्राचा आवाज यायचा, आणि आम्ही तिघं जेवताना एकमेकांशी काही बोलत नसू.

सध्या आमच्या शेजारी होमस्टे झालाय. मागच्या महिन्यात तिथे एक तरुण पाण्याचं यंत्र विकायला आला होता. चांगला टाय लावलेला. त्याने दोन पेल्यांत थेंब टाकले, एक पेला पिवळा झाला, दुसरा निळा. आणि जमलेले सगळे माना हलवायला लागले. मी म्हटलं, बाळा, रंग खरा आहे, पण त्यावरून तू सांगतोस ते कसं निघतं? तर होमस्टेची मालकीण मला म्हणाली, काकी, तुम्ही जुनी माणसं. घरच्या व्हॉट्सअॅपच्या गटावरही तेच. कोणी काही पाठवलं की खाली अंगठे आणि जोडलेले हात. मला ते बघून दरवेळी देऊळ आठवतं.

तर पडवी भरलेली असायची त्या दिवसांतल्या एका दुपारी मला भूक लागली होती आणि घरात कोणी नव्हतं. चुलीच्या निखाऱ्यावर थोडा सुका जवळा भाजावा म्हणून मी फळीवरचा डबा काढला. बाबांनी मासे सोडल्यापासून त्या डब्याला आईशिवाय कोणाचा हात लागत नव्हता. जवळ्यात बोटं घातली तर तळाशी प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत आईच्या गोळ्या. त्यांना जवळ्याचा वास लागला होता. मी तो डबा मांडीवर घेऊन बसले असतानाच आई मागच्या दाराने आत आली. तिने डबा माझ्याकडून घेतला, पिशवी तळाशी नीट दाबली, वर जवळा पसरला. गोळ्या नातालीनबाय आणून द्यायची. तिची बहीण कसालला दिलेली होती; मालवणच्या दुकानात घेतल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत पडवीत कळलं असतं. नळी लाल होत होती ते दिवस आईने खरोखर गोळीशिवाय काढले होते, आणि एक दिवस विहिरीवर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा नातालीनबायनेच तिला धरलं होतं.

"बापाशीक यातला कायेक सांगू नको," आई म्हणाली.

"कित्या?"

तिने डबा फळीवर ठेवला, हात पदराला पुसले. "तेंच्याकडे आता माणसां येतत गो," ती म्हणाली.

  ती गोष्ट माहीत झाल्यावर मी घरात आणखीच एकटी झाले, एवढं आठवतं. बाबा खुशीत असले की मला रडू यायचं.

त्याच सुमाराला आबांच्या पायाला कालव लागलं. खाडीत कालवं काढायला उतरलं की शिंपल्याची धार लागतेच; इथल्या माणसाला त्याचं काय कौतुक. पण ती जखम भरेना. आबांनी गोळ्या केव्हाच सोडल्या होत्या, कारण मास्तरणीची साखर गेली तर आपली का जाणार नाही. ते पडवीत येऊन बसत आणि चुंबकाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं अंगठ्याला गुंडाळून घेत. एक दिवस आई चहा घेऊन बाहेर आली आणि उंबरठ्यातच थांबली. तिने कप खाली ठेवला, आबांच्या पायाकडे बघितलं आणि आत आली. मला म्हणाली, माझ्या वडिलांच्या खोलीत असाच वास यायचा. त्या संध्याकाळी तिने बाबांना आबांना डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. बाबा म्हणाले, पाणी मुरायला वेळ लागतो, तुझ्याही वेळी लागला नव्हता का?  आबांना तिने स्वतः जाऊन सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, गो, तुजाच बघून तर मी पिऊक लागलंय.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी देवळात गाऱ्हाणं होतं. बाबांचं चुंबकाच्या पाण्याचं केंद्र सुरू व्हायचं होतं, गावाने जागा देऊ केली होती, आणि आमच्याकडे कुठलंही काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय सुरू होत नाही. गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगते: एक जण देवाला साकडं घालतो, आणि त्याच्या दर वाक्यावर सगळा गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. त्यात विचार करायचा नसतो. श्वास घ्यावा तसं ते तोंडातून येतं. लहान मूल बोलायला शिकतं तेव्हापासून. बाबांच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ. बायका एका बाजूला उभ्या, आई त्यांच्यात, मी तिच्या पुढ्यात. आबा लंगडत पुढे गेले आणि त्यांचा तो भरदार आवाज लागला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ही सगळी लेकरां तुज्या पायाकडे जमली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मास्तरांनी जां पाण्याचां काम हाती घेतल्यानी हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीसुद्धा म्हटलं.

"जशी मास्तरणीची साखर ह्या पाण्यान नायशी झाली, तशी गावातल्या दर माणसाची होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला. आणि तो आवाज विरता विरता माझ्या डोक्यावरून आईचा आवाज आला. मोठा नव्हता.

"न्हय म्हाराजा."

माझ्या खांद्यावर तिचा हात होता. "माजी साखर पाण्यान गेली नाय," ती म्हणाली. "मी गोळये घेतंय. आबानू, तुमच्या पायाक वास येता. माज्या बापाशीच्या पायाक असोच येय होतो. आजच चला."

 बाबांकडे बघायचा मला धीर झाला नाही, पण बघितलं. ते आईकडे बघत होते, रागाने नाही. एखादं गणित परत पहिल्यापासून मांडणाऱ्या माणसासारखे. आबांचे हात जोडलेलेच होते. गाऱ्हाणं अर्धवट टाकता येत नाही. शेवटी त्यांनी नेहमीचा शेवट केला, "जां काय बोलण्यात कमी-जास्त झालां असात तां पदरात घे रे म्हाराजा!" आणि सगळ्यांनी, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "व्हय म्हाराजा" म्हटलं. आईने मात्र म्हटलं नाही.

त्याच दुपारी आई आणि नातालीनबाय आबांना भाड्याच्या गाडीतून गोव्याच्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. दोन बोटं गेली, पाय वाचला. घरी बाबा आणि मी. बाबा स्वयंपाकघरात आले, जिथे ते सहसा येत नसत, आणि त्यांनी विचारलं, "खंय ठेय होती?" मी डबा दाखवला. त्यांनी तो खाली काढला, उघडला, जवळ्यात बोटं घालून पिशवी चाचपली, आणि पुन्हा जसा होता तसा फळीवर ठेवला. मग पडवीत जाऊन चुंबकं पंच्यात गुंडाळली. मी पेज वाढली. त्यांनी ती खाल्ली.

गावाचं डोकं ठिकाणावर आलं असं कोणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. लोक म्हणाले, मास्तरीण गोळ्या घेत होती हे खरं, पण पाणीही पीत होतीच ना? आबा बरे होऊन आले आणि सांगायला लागले, आधी पाणी प्यालो होतो म्हणून पाय तरी राहिला. बाबा फाटकाशी उभे राहून एकेकाला सांगत, हे पाणी साधं पाणी आहे, गोळ्या सोडू नका. पाणी देताना ते मोठे होते. चूक कबूल केल्यावर लोक त्यांच्यावर रुसले. पुढे दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या वाडीत तेच सुरू केलं आणि माणसं तिकडे गेली. आमची पडवी पुन्हा मोकळी झाली. शेजारचं हसणं पुन्हा माडांमधून ऐकू यायला लागलं.

बाबांनी आईला एका शब्दानेही विचारलं नाही. बोलले असते, भांडले असते, तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एक केलं. रोज सकाळी ते पूर्वीसारखीच नळी उकळत, पण आता मागीलदारी, एकटे. निळी राहिली की ती आईला दिसेल अशी खिडकीत ठेवत आणि शाळेत जात. आई येऊन बघायची, धुऊन उपडी घालायची. कित्येक वर्षं त्यांच्यात तेवढंच बोलणं होतं.

आई गेल्यावर एकदा मी बाबांना धीर करून विचारलं, लोक यायचे थांबले त्याचं फार वाटलं का.  "लोकांचा काय," ते म्हणाले. "तिका माका सांगूक भय वाटलां, तां लागला." ते भय नव्हतं, दया होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते जास्त लागलं असतं.

म्हातारपणी त्यांनाही साखर झाली. गोळी ते कधी आतल्या खोलीत घेत नसत. पडवीत बसून मला हाक मारत, मी समोर आले की तळहातावर गोळी दाखवत आणि मग तोंडात टाकत. मी कामात असले तर थांबून राहत. एकदा मी वैतागून म्हटलं, घेऊन टाका ना, मी कशाला हवी? तर म्हणाले, "औषध एकट्यान घेवची पाळी कोणावर येव नये."

आता माझी पाळी आहे. घराण्यातच आहे ते, मुलगा पुण्याला असतो आणि फोनवर रोज विचारतो. मीही गोळी पडवीत बसूनच घेते. रस्त्यावरून कोणी येताना दिसलं तर जरा थांबते, हात पुढे करून. कोणी नसलं तर घेऊन टाकते.